हनवते सरांचा आवाज

पुसदच्या बाजारात तेव्हा कॉम्प्युटरची दोन-चारच दुकानं होती, आणि हनवते सरांची गाडी दारात थांबली की त्यातल्या कुठल्याही दुकानदाराचा चेहरा उतरायचा. सर भांडखोर नव्हते. फार घासाघीसही करत नसत. पण वस्तू घेण्याआधी ते शर्टाच्या खिशातून एक सीडी काढायचे, ती बाहीला पुसायचे आणि म्हणायचे, "घेतो ना. पहिले हे लावून पाहू द्या."

त्या सीडीत लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, कोणालाही फुकट मिळणारी एक सिस्टीम. संगणकात काहीही न भरता नुसत्या त्या सीडीवर मशीन सुरू करता यायचं. मग सर बघायचे, पडदा नीट दिसतो का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का. ओळखला तर घ्यायचं, नाही तर हात जोडून बाहेर पडायचं. त्यासाठी दुकानदाराला खोकी फोडावी लागायची, वायरी जोडाव्या लागायच्या, दुसरं गिऱ्हाईक ताटकळत ठेवावं लागायचं. दुकानदार म्हणायचा, "चालते हो सर, सगळं चालते." त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर होतं, "चालते म्हनू नका. चालवून दाखवा."

इरफानभाई नावाचे एक दुकानदार एकदा माझ्यादेखत वैतागून म्हणाले, "सर, आप माल लेने आते हो के इम्तिहान लेने?"

"मास्तर हाये भाऊ मी," सर म्हणाले. "दुसरं काय येते मले?"

फुलसावंगीला आमच्या शाळेत सर गणित शिकवत आणि मी विज्ञान. सर अंगानं काटकुळे, उंच. शर्टाचं एक टोक पँटीत आणि एक बाहेर, ते कायमचं. पण त्या काटकुळ्या देहातून आवाज असा निघायचा की ऐकणाऱ्यानं आजूबाजूला दुसरा कोणी धिप्पाड माणूस उभा आहे का ते बघावं. शाळेसमोर पिठाची गिरणी होती. गिरणीवाला म्हणायचा, "सर वर्गमूळ काढाले बसले की मले माह्या पट्ट्याचा आवाज आयकू येत नाही." मी शेजारच्या वर्गात पानाच्या शिरा शिकवत असले तरी माझ्या मुलांच्या वह्यांत मधेच पायथागोरस उतरायचा. मी तक्रार केली की सर कान पकडायचे, आणि पुढच्याच मिनिटाला पुन्हा तेच.

खर्रा मात्र ते सोडत नसत. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून तळहातावर घोटत राहायचं, ही आमच्याकडची जुनीच सवय. मशीन सुरू व्हायला वेळ लागला की सरांचा हात आपोआप खिशाकडे जायचा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा व्हायचा, ते तर नेहमीचंच. पण त्या वर्षांत आम्ही शिक्षकांनी नव्या मुलांना "वडील काय करतात" हे विचारणंच सोडून दिलं होतं. गावात मोठ्या गाड्या यायच्या, कॅमेरेवाले उतरायचे, पांढऱ्या कपड्यांतली माणसं कोणाच्या तरी अंगणात बाजेवर बसून जायची. त्यांच्यामागून मदत यायची. कुठं शिलाई मशीन, कुठं दप्तरं. आमच्या शाळेला कॉम्प्युटर आले.

कुठल्याशा दूरच्या शहरातल्या कंपनीनं आपल्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर टेम्पो भरून पाठवले होते. हार झाले, भाषणं झाली, मुलांनी स्वागतगीत म्हटलं. पाहुणे गेल्यावर आम्ही मशीन लावली, तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीनं सगळ्या डिस्क पुसून दिल्या होत्या. आत काहीच नव्हतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "त्यात काय एवढं? पुसदून पोट्टा बोलावू. सीडी टाकून देते तो. सगळ्या जिल्ह्यात तेच चालते."

"ती विकतच्या सिस्टीमची नकली सीडी राहते सर," हनवते सर म्हणाले.

"असू द्या ना. आपल्याले कोन पुसते?"

"कोनी पुसत नाही, म्हनूनच तं."

पुढं ते मला एकदा म्हणाले होते की पंचशीलातलं दुसरं शील त्यांच्या मायनं त्यांना पाठ करून नाही, चालवून शिकवलं. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी धम्मदीक्षा घेतली होती. माय रोज सकाळी फोटोपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायची. लहानपणी सरांनी कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची बोरं खिशात भरून आणली. मायनं विचारलं, कोणी दिली? कोणीच नव्हती दिली. मायनं त्यांना तसंच उन्हात परत पाठवलं. शेताचा मालक हसून हसून बेजार झाला, बोरं काही घेईना, आणि हे तिथं रडत उभे. "आमच्यात दुसरं शील म्हंजे न देल्लं घ्याचं नाही," सर म्हणाले. "ह्या नकली सीड्या कोनं देल्ल्या आपल्याले? अन् हे लिनक्स पाहा मॅडम, हे देल्लं हाये. बनवनाऱ्यानं सोताहून देल्लं. वापरा, वाटा, उघडून पाहा. मंग देल्लं सोडून न देल्लं काहून घ्याचं?"

मी म्हणाले, "आणि पाचवं शील? नशा करू नये म्हणतात ना?"

सरांनी खर्रा गालात सरकवला. "त्यात दारू हाये. सुपारी कोठी हाये त्यात?" आणि गिरणीपर्यंत ऐकू जाईल असं हसले.

तर लिनक्स आमच्या शाळेत असं आलं. आलं, पण सुखानं नांदलं नाही. एका मशीनवर पडदा ओळखला जायचा, दुसऱ्यावर सगळी अक्षरं हत्तीएवढी दिसायची. इंटरनेटसाठी फोनची तार लावायचा मोडेम होता, तो मेल्यासारखा पडून असायचा. मी विचारलं, बिघडलाय का? सर म्हणाले, "बिघडला नाही. ड्रायव्हर नाही त्याचा. असं समजा, लकवा झालेला मानूस हाये. हात धड हाये, पन डोक्याचा हुकूम हातापावतर जात नाही. तो हुकूम नेनारा जो लहानसा प्रोग्राम राहते ना, तो ड्रायव्हर. कंपनी तो त्या दुसऱ्या, विकतच्या सिस्टीमसाठी बनवते. आपल्यासाठी कोनी तरी कोठी तरी फुकटात बसून बनवला असन तं ठीक. नाही तं नाही."

हे कोणी तरी शोधायला सर रविवारी पुसदला जायचे, कारण इंटरनेट पुसदला आणि मशीन फुलसावंगीला. जाताना पडद्यावर आलेली चूक डाव्या तळहातावर पेनानं लिहून न्यायचे. तिथून उत्तर आणायचे, ते लावायचे, आणि नवी चूक तळहातावर घेऊन पुढच्या रविवारी पुन्हा. सोमवारी फळ्यावर लिहिताना तो निळा हात आम्हा सगळ्यांना दिसायचा. मुलं आपसात पैज लावत, आज सरांचा हात कोपरापर्यंत निळा आहे की मनगटापर्यंत.

एवढं सगळं कळूनही सर फसायचे. शाळेला प्रश्नपत्रिका छापायला प्रिंटर हवा होता. सरांनी यवतमाळला जाऊन दुकानात मांडलेला प्रिंटर सीडी लावून तपासला. झकास छपाई झाली. मग त्याच नावाचा, त्याच नंबरचा नवा कोरा प्रिंटर स्वतःच्या पगारातून घेतला आणि गाडीवर दोरीनं बांधून आणला. शाळेत खोकं उघडलं तर नंबरापुढं एक इंग्रजी अक्षर जास्त होतं. तेवढ्या एका अक्षरानं आतली सगळी कळ बदलली होती. बटण दाबलं की एक कोरा कागद बाहेर यायचा, त्याच्या डोक्यावर चौकोन-त्रिकोणांची एक ओळ. मग दुसरा कोरा कागद, तशीच ओळ. सर बराच वेळ कागद उचलून बघत राहिले, जणू पुढच्यावर तरी गणित उमटेल. दुकानदार फोडलेलं खोकं परत घेईना. शेवटी तो प्रिंटर घरी गेला. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून घड्याळ ठेवलं. त्या वर्षीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका सरांनी हातानं लिहिल्या.

आता ती कॅमेऱ्याची गोष्ट सांगते. ती आठवली की सर मला सगळ्यांत जास्त आठवतात.

आलेल्या सामानात एक वेबकॅम होता, लिंबाएवढा गोल. तो चालावा म्हणून सरांनी हिवाळाभर जीव काढला. त्याचा ड्रायव्हर कोणा परदेशी माणसानं लिहिला होता, पण तो आमच्या मशीनवर जसाच्या तसा बसत नव्हता. किती रविवार गेले असतील! मुलांनाही कळलं होतं की सर कॅमेऱ्याच्या मागे लागलेत. "सर, दिसला का?" हे रोजचं झालं होतं.

त्याच हिवाळ्यात नववीतल्या मनीषाच्या वडिलांनी शेतात जीव दिला. त्यांच्या अंगणात गाड्या आल्या, कॅमेरे आले. वडिलांचा फोटो हातात देऊन तिला दारात उभं केलं, डावीकडे बघ म्हणाले, मग समोर बघ म्हणाले. ते पेपरात आलं, टीव्हीवर आलं. मग गाड्या दुसऱ्या गावाला गेल्या. काही दिवसांनी मनीषा शाळेत आली. बोलत नव्हती, पण यायची. शेवटच्या बाकावर बसायची.

ती कॉम्प्युटरच्या तासाला बसलेली असताना कॅमेरा चालू झाला. मी दारातच उभी होते. पडद्यावर आधी हिरवट धुकं आलं, मग त्यातून सरांचा कान दिसला, मग अर्धी मिशी. सर ओरडले, "आला! आला बे!" पोरं बाकांवरून उड्या टाकत पुढं आली. एकेकाचं तोंड पडद्यावर येऊ लागलं; कोणी जीभ काढली, कोणी भांग पाडला. सर आनंदानं कॅमेरा हातात धरून वर्गभर फिरवू लागले. वायर पुरेल तिथपर्यंत गेले. आणि पडद्यावर शेवटचा बाक आला.

मनीषानं ओढणीनं तोंड झाकलं. मग उठली आणि माझ्या बाजूनं बाहेर निघून गेली.

सरांनी हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि वायर मशीनमधून उपटली. ती कॅमेऱ्याभोवती गुंडाळली, कॅमेरा कपाटात खडूच्या खोक्यांमागं ठेवला आणि कुलूप लावलं. "बसा," म्हणाले, "पाढे काढा." कॉम्प्युटरच्या तासाला त्यांनी त्या दिवशी पाढे घेतले.

मधल्या सुट्टीत ते हापशाजवळ मनीषापाशी गेले. काय बोलले मला माहीत नाही; फार बोलले नसावेत, कारण एरवी त्यांचं बोलणं मला ऐकू आलंच असतं. एवढंच दिसलं की ते हापसत होते आणि ती तोंड धुवत होती. त्या कॅमेऱ्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मुलांनी विचारलं की म्हणायचे, "बिघडला." एवढ्या एका बाबतीत मी त्यांना खोटं बोलताना पाहिलं.

पुढं सरांच्या डब्यात भाकर दुधात कुस्करलेली दिसू लागली. मग नुसता वरण-भात. मी म्हणाले, "सर, तोंड उघडून दाखवा बरं." दोन बोटंही जातील न जातील एवढंच उघडलं.

"गरमी हाये मॅडम. उन्हाळा लागला ना."

"सर, नागपूरला जा."

"परीक्षा होऊ द्या."

परीक्षा झाल्यावर गेले. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर जिभेलाच होता, आणि जबड्यात शिरला होता. जीभ काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी सरांनी साळ्याला एक लॅपटॉप आणायला सांगितला, जुनापुराणा चालेल म्हणाले. लिनक्समध्ये एक बोलणारा प्रोग्राम असतो. आपण टाइप करायचं, तो वाचून दाखवतो. पुढं काय होणार हे ओळखून सर आधीच तयारीला लागले होते. साळा बिचारा गडबडीत जो मिळाला तो घेऊन आला. सरांच्या घरात सीडी न लावता आलेली ती पहिली वस्तू.

सर परत आले तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. गालाचा एक भाग आत गेलेला, तोंडाला दुपट्टा. त्यांनी काही म्हणायचा प्रयत्न केला, तर घशातून नुसता ओला, घोगरा आवाज आला. ना मला कळला, ना वहिनींना. मग ते हसल्यासारखं करून पाटी घ्यायचे. शाळेतलीच पाटी, लेखण.

लॅपटॉप लिनक्सवर छान चालला. पडदा, कळा, सगळं. फक्त आवाज नव्हता. आतल्या साउंड कार्डाचा ड्रायव्हरच तयार झालेला नव्हता. सरांनी टाइप केलं की पडद्यावर अक्षरं उमटायची, आणि मशीन गप्प.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी होते. बातमी कळून इरफानभाईही पुसदहून आले होते. अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर लॅपटॉप ठेवलेला. इरफानभाईंनी सगळीकडून बघितलं आणि हळूच म्हणाले, "सर, बुरा मत मानना. वो दूसरावाला डाल देता हूं. पाच मिनट में आवाज आ जाएगा. बाद में निकाल देंगे."

सरांनी मान हलवली. नाही.

वहिनी तव्यावरची भाकर तशीच टाकून बाहेर आल्या. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"काहून नाही? पाच मिनिटाचं काम हाये म्हनते तो भाऊ. मले तुमचा बोल पाह्यजे. कसाही चालन, मशीनीतून आला तरी चालन. घरात नुसतं टिकटिक घड्याळ वाजते, मले येड लागाची पाळी आली."

सरांनी पाटीवर लिहिलं, 'ते न दिलेलं आहे.'

वहिनींनी ते वाचलं. "दुसरंच शील पाळलं जनमभर," त्या म्हणाल्या. "पाचव्याच्या टायमाले कोठी गेलते?"

इरफानभाई जमिनीकडे बघत राहिले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. बोललेलं परत घेता येत नव्हतं. सर पाटी पुसत बसले. ती कोरी झाली तरी पुसतच होते. मग त्यांनी लिहिलं, 'चूक माझीच.' थोडं थांबून त्याखाली, 'तूच सांग. टाकू?' आणि पाटी बायकोपुढं धरली.

वहिनींनी पाटी हातात घेऊन त्या दोन ओळी पाहिल्या. "नका टाकू," त्या म्हणाल्या. "एवढं पाळलं तं पाळा आता." आणि भाकर जळत होती तिकडं आत गेल्या.

इरफानभाई निघताना सरांना म्हणाले, "सर, वो आपका सीडी दे दो मेरे को. कुछ दिन के वास्ते."

पुढच्या आठवड्यात ते भर दुपारी आले, घामानं भिजलेले, हातात पन्नीची थैली. कॉम्प्युटरच्या बाहेरून, पेनड्राइव्हसारखं खोचायचं आवाजाचं एक छोटं यंत्र मिळतं, अंगठ्याएवढं. इरफानभाईंनी आपल्या दुकानातली, शेजारच्या दुकानांतली, भंगारातली तसली सगळी यंत्रं गोळा करून सरांच्या सीडीवर एकेक लावून बघितली होती. "सर," ते म्हणाले, "पूरे कचरे का इम्तिहान लिया. ये एक पास हुआ."

सरांनी ते खोचलं. बोटं कळांवर ठेवली आणि जरा वेळ नुसतीच ठेवली. मग काही तरी टाइप केलं.

"सुलोच्ना," मशीन म्हणालं.

मराठी बोलणारा आवाज तेव्हा त्यात नव्हता. हिंदीचा होता, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि त्यानं मधला 'च' पार मोडून टाकला होता. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. सर जन्मभर त्यांना "आयकतं का" म्हणत आले होते.

"सुलोच्ना. चहा ठेव. इरफानभाई आले."

वहिनी हसू लागल्या. "एवढ्या वर्षात एकडाव नाव घेतलं," त्या म्हणाल्या, "अन् थेही असं मोडून." आणि हसता हसता उंबऱ्यातच खाली बसल्या. इरफानभाई पाठ फिरवून उगाच आपली गाडी पुसायला लागले.

शाळा सुरू झाल्यावर सर वर्गात गेले. टेबलावर लॅपटॉप, त्याला लहानसा स्पीकर. पहिल्या दिवशी मशीननं "बस्सा मुलांनो" म्हटलं आणि सगळा वर्ग हसत सुटला. सरही खांदे हलवत हसले. नंतर मुलं मधल्या सुट्टीत तसंच पत्र्याच्या आवाजात बोलायची. "गण्या, पाढे म्हण." चेष्टा होती, पण तिच्यात माया होती. मशीनला अपूर्णांक वाचता येत नव्हते, मग सर फळ्यावर लिहायचे आणि मशीन नुसतं "हे पाहा" म्हणायचं. एका तासाला दहा वेळा "हे पाहा". माझ्या वर्गात मात्र आता काहीच ऐकू येत नव्हतं. भिंतीपलीकडं सर आहेत की नाहीत तेही कळत नसे. मी पानाच्या शिरा सुखानं शिकवू शकत होते. तरी मी शिकवताना मधेच थांबायचे.

गिरणीवाला एकदा मला म्हणाला, "मॅडम, आता माह्या पट्ट्याचा आवाज मलेच सहन होत नाही."

कापूस वेचणीला आला तेव्हा सरांच्या गळ्याशी गाठ आली. पुन्हा नागपूर, किरणांचं शेकणं, औषधं. मग हाताला मुंग्या यायला लागल्या, बोटं कळांवर ठरेनात. टाइप करायला इतका वेळ लागायचा की समोरचा माणूस वाट बघून उठून जायचा. सरांनी लॅपटॉप एका दुपारी शाळेत आणून ठेवला, तो मुलांसाठी. इरफानभाईंना फोन करून विचारलं, ते छोटं यंत्र परत हवं का. म्हणजे फोन मी केला. सर समोर पाटी धरून बसले होते. इरफानभाई म्हणाले, "उनको बोलो, वो दिया हुआ है." मी ते सांगितल्यावर सरांनी दोन्ही हात जोडले, फोनला.

सर गेले ते नागपूरलाच, होळीच्या आसपास. मला ते शेवटचे दिसले पुसदच्या बस स्टँडवर, त्याच्या थोडं आधी. मी कामासाठी तिथं आले होते आणि नागपूरच्या गाडीत खिडकीशी सर दिसले. गळ्याभोवती दुपट्टा, चेहरा मुठीएवढा झालेला. शेजारी वहिनी, मांडीवर पिशवी. मी धावत खिडकीखाली गेले. ऊन चांगलंच तापलं होतं, डोळ्यांवर हात धरून वर बघावं लागत होतं. शाळेचं सांगितलं, गॅदरिंगचं सांगितलं.

सरांनी खिडकीच्या गजांशी तोंड आणलं आणि काही तरी म्हणाले. पाटी नाही, मशीन नाही. स्वतःच्या, उरलेल्या तोंडानं. तोच ओला, घोगरा आवाज. मला एक अक्षर लागलं नाही. ते पुन्हा म्हणाले, जरा जोर लावून. मानेच्या शिरा फुगल्या. चालकानं गाडी सुरू केली होती, त्या आवाजात तर काहीच कळेना.

"नाही समजलं सर," मी म्हणाले. मला रडू येत होतं. जाणारा माणूस काही महत्त्वाचं सांगतोय आणि ते आपल्यापर्यंत पोचत नाही, असं वाटत होतं.

वहिनी सरांच्या अंगावरून खिडकीकडे वाकल्या. त्यांना ते कळत होतं. कधीपासून कळायला लागलं होतं कोण जाणे, पण अगदी सहज, रोजचं बोलणं सांगावं तसं त्या म्हणाल्या, "सर म्हनून राह्यले, उन्हात काहून उभ्या हा मॅडम, सावलीत व्हा."

मी मागं सरकले आणि रसवंतीच्या ताडपत्रीखाली जाऊन उभी राहिले. सरांनी मी नीट सावलीत आले की नाही ते बघितलं, मान हलवली, आणि गाडी वळून यवतमाळच्या रस्त्याला लागली.